जिन्यावरचं वासरांचं फाटक

मुखेडच्या स्टँडवर एस.टी. सुटता सुटता मायनं खिडकीतून छबीला माझ्या हातात दिलं. "लेकराला बांधूनबी ठेवू नगंस, मोकळंबी सोडू नगंस," एवढंच म्हणाली. पाऊस दगा देऊन गेला होता, विहिरीचा तळ दिसत होता. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि तिथल्या नव्या कचेरीत मला कारकुनी मिळाली होती. मी, बायको नलू, रांगणारी लेक छबी आणि दोन पेट्या, एवढा आमचा संसार निघाला.

लातुरात माडीवरच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. उकाड्यानं दार दिवसभर उघडं. दारातूनच जिना उतरायचा आणि पायथ्याला मालकांचा हौद. टँकर आला की तो काठोकाठ भरायचा. ते दिवस आठवतात ते पेंगेत पाहिल्यासारखे: पांढरं ऊन, खाली हलणारं पाणी, आणि उंबऱ्याकडे निघालेली छबी.

दाराला बुटकं फाटक हवं होतं. बाजारात तसं काही मिळेना. गावी कळवलं, रुंदी अठ्ठावीस इंच. बापूंचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, इंचांवर विश्वास नव्हता. त्यांनी दाराच्या मापाची दोरी मागवली. पुढच्या आठवड्यात एस.टी.च्या टपावर फाटक टाकून स्वतःच आले. गोठ्यात वासरं अडवायला करतात तसंच, बाभळीचं, आडव्या दांड्यांचं. मालक भिंतीत खिळा मारू देईनात, म्हणून बापूंनी ते दोरखंडानं चौकटीला आवळलं. मी हलवून पाहिलं. तसूभरही हललं नाही.

चहा झाला. तेवढ्यात नलू सासऱ्यांकडे पाहून किंचाळली, "मामा, धरा तिला!"

छबी दांडी-दांडीनं वर चढली होती. एक पाय पलीकडे. बापू जवळ होते, त्यांनी झबल्याला धरून तिला ओढलं आणि तसेच खाली बसले. हौदातलं पाणी उन्हात चमकत होतं.

"आजवर एक वासरू चढलं न्हाई त्याच्यावर," बापू म्हणाले.

"वासराला हात कुठं असतेत, मामा," नलू डोळे पुसत म्हणाली, आणि बापू हसले.

फाटक जवळजवळ चौरस होतं. आम्ही ते सोडलं, कुशीवर फिरवलं. दांड्या उभ्या झाल्या. पाय ठेवायला जागा उरली नाही. कडेला फट राहिली तिथं फळी बांधली. फटींचं माप मी पट्टीनं घेतलं. बापूंनी तांब्या घालून पाहिला. तो छबीच्या डोक्यापेक्षा लहान होता, तरी जाईना. मग कुठं त्यांनी तिला खाली सोडलं. तिनं चढून पाहिलं, घसरली, पुन्हा पाहिलं, आणि रागानं भोकाड पसरलं.

"रड माय, रड," बापू म्हणाले, "आतून रड."

आता लातुरातच आमचं घर आहे. मुखेडची जमीन बटईनं दिली आहे. बापू नाहीत, माय नाही. घर कुठलं असं कुणी विचारलं की जीभ क्षणभर अडखळते. पण स्वप्नात अडचण येत नाही. तिथं लातूरचा जिना सरळ आमच्या शेतात उतरतो. मी ढेकळांतून चालत येतो, वर चढतो. फाटक बंद असतं. ते बंद आहे एवढं पाहून मी पायरीवर निवांत बसतो, हाक मारत नाही.