चांदीची त्याला, काळी मला

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही, भावाला नाही, आणि ज्याची आहे त्यालाही नाही. आमच्या गावात माझ्याबद्दल एक चांगलं बोललं जातं. साहेबानं बदलून जाताना मासे धरायच्या दोन चक्र्या दिल्या, तेव्हा चांदीसारखी लखलखीत होती ती मी दोस्ताला दिली आणि काळी, ओबडधोबड स्वतःला ठेवली, असं. ते खरं आहे. फक्त चांगली चक्री काळी होती, आणि ते मला माहीत होतं.

दोस्त म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणारा रफूगर. कोट, शालू, वकिलांचे काळे डगले, काहीही फाटलं किंवा जळलं की त्याच्याकडे येई. त्याच कपड्याच्या शिवणीतून तो एक-एक धागा उपसायचा आणि भोक विणून काढायचा. झालं की कपडा गिऱ्हाइकाच्या अंगावर टाकून म्हणायचा, "आता शोधा." बहुतेकांना सापडायचं नाही. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला भाई म्हणे. तो मला लहानपणी 'बे' म्हणत असे. मी सरकारी कचेरीत लागलो तेव्हापासून 'बाबू' म्हणू लागला, पण आवाज तोच राहिला.

वऱ्हाडचा कारभार तेव्हा नागपूरहून चाले. सडका-पुलांचे साहेब यायचे आणि दोन-तीन वर्षांत जायचे. त्यातला एक माशांच्या नादाचा निघाला. आधी तो समुद्रकाठी नोकरीला होता. हिवाळ्यात त्याचा मुक्काम सोनाळ्याला पडे, आणि कॅम्पचा कारकून मी. सोनाळ्याच्या पुढं, सातपुड्याच्या तोंडाशी वान नदीत एक डोह आहे. त्याच्यावर खडक सरळ भिंतीसारखा उभा. साहेब त्या खडकावर बसून समुद्रातल्यासारखं धरायचा. म्हणजे गळ लांब फेकायचा नाही. शिशानं जड केलेला एक चकचकीत पत्रा दोरीला बांधून सरळ खाली तळापर्यंत सोडायचा, मग झटका देऊन वर उचलायचा, पुन्हा सोडायचा. माशाला वाटतं, जखमी बारका मासा तडफडतो आहे. समुद्रात होडीतून हेच करतात, असं तो सांगे. तिथले मासे मोठे, म्हणून काठीपेक्षा चक्री बघून घ्यावी लागते. आमच्या डोहातही साहेब ज्याला महशीर म्हणे तो मोठ्या खवल्यांचा मासा होता, आणि तो एकदा ओढायला लागला की गंमत राहायची नाही.

चक्री हा शब्द आमचा. पोट्टे संक्रांतीला पतंगाचा मांजा गुंडाळतात ती चक्री. साहेब काही वेगळाच शब्द म्हणायचा, पण आम्ही तिला चक्रीच म्हटलं, आणि पुढं जे झालं त्यात या शब्दाचाही हात आहे.

साहेबाच्या चक्र्या पुसायचं, त्यांना तेल द्यायचं काम माझ्याकडे होतं. बोलायला दुसरं कुणी नसे, म्हणून तो मलाच समजावून सांगे. चक्री निवडताना चमक बघायची नाही. दोरी किती मावते ते बघायचं, चाक अडकत नाही ना ते बघायचं, आणि शेवटी एका हातानं चक्री फिरवायची दांडी घट्ट धरून दुसऱ्या हातानं दोरी ओढायची. समुद्रावरून आणलेल्या काळ्या चक्रीच्या दांडीपाशी चांदणीसारखा एक स्क्रू होता. तो आवळून दोरी ओढली तर दोरी जडपणे, कुरकुरत सुटायची आणि दांडी हातात जागच्या जागी राहायची. चांदीच्या चक्रीला तसलं काही नव्हतं. दोरी सुटली की दांडी उलटी गरगर फिरायची. साहेबाच्या अंगठ्याचं नख काळंनिळं होतं. ते दाखवून तो म्हणाला होता, "देखो बाबू, चांदी का इनाम." मग ती ठेवली कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाला, सासऱ्यानं दिली आहे.

बदलीचा हुकूम आला तेव्हा त्यानं दोन्ही चक्र्या माझ्यासमोर टेबलावर ठेवल्या. "एक तुम, एक रफूवाला. आपस में बाँट लो." रफूवाल्याला अशासाठी, की सिगारनं जळलेला त्याचा कोट भाईनं असा भरून दिला होता की मडमेला भोक सापडलं नाही. शिवाय सुटी मिळाली की भाई सोनाळ्याला येऊन त्या खडकावर लांब बसायचा आणि बघायचा. चक्रीला मात्र त्यानं कधी हात लावलेला नव्हता. साहेबाच्या वस्तूला कसा हात लावणार?

साहेबाची मोटर गेल्यावर मी दोन्ही चक्र्यांची दोरी ओढून पाहिली. गरज नव्हती, तरी पाहिली. फार विचार केला असं म्हणणं खोटं होईल. काळी पिशवीत घातली, चांदीची रुमालात बांधली आणि गावी आलो.

भाईनं रुमाल सोडला आणि दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हे मले?"

"तुलाच."

"अन् तुले कोन्ती?"

मी पिशवीतून काळी काढली. त्यानं ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

"येड्या, हे तर तव्यासारखी दिसते. उलटं केलं तू. तू बाबू मानूस, तुले चांदीची पाह्यजे."

"राहू दे. मला हीच बरी."

"बरी काऊन?"

तेव्हा सांगता आलं असतं. मी म्हणालो, "दिली ना तुला. आता ठेव."

तो गिऱ्हाइकांना म्हणाला, "पाहा. असा दोस्त पाह्यजे." त्या दिवसापासून ही गोष्ट गावात फिरली. घरी बायको म्हणाली, "काऊन जी, चांदीची लोकाले देल्ली अन् हा काया कोयसा माह्या घरी आनला? लय मोठे दानशूर तुमी." तिच्या बोलण्यात टोमणा होता, पण जरा अभिमानही होता. मी दोन्ही ऐकून घेतलं.

दिवाळीनंतर आम्ही दोघं सोनाळ्याला गेलो. वाटेत बैलगाडीत त्याला सांगायचं माझ्या मनात होतं. भाई, मासा ओढायला लागला की या दांडीजवळ हात नेऊ नको, हात लांब ठेव, दोरी जाऊ दे. एवढंच. पण एवढं सांगितलं असतं तर त्यानं विचारलं असतं, "अन् तुही कशी हाये?" माझी दाखवावी लागली असती, दांडी धरून दोरी ओढावी लागली असती. गावातली गोष्ट तिथंच संपली असती. म्हणून मी हवापाण्याचं बोलत राहिलो. चक्री निवडली तो माझा हावरेपणा म्हणता येईल, तसा तो सगळ्यांतच असतो. गाडीत गप्प राहिलो त्याला मात्र मला दुसरं नाव सापडत नाही.

खडकावर आम्ही शेजारी बसलो. भाईनं पत्रा तळाला सोडला, झटका दिला, पुन्हा सोडला. हात त्याचा हलका, चटकन जमलं त्याला. मला म्हणाला, "बाबू, तुह्या तव्याले काई लागत नाई वाटते." आणि हसता हसताच त्याची काठी वाकली.

मासा खाली आणि आडवा निघाला. दोरी सुटली, दांडी उलटी फिरू लागली, इतकी की दिसेना. भाई लहानपणापासून पतंगबाज. पतंग ओढ घेऊन पळाला की चक्रीवर तळहात टेकवून ती आवरायची, हे त्याच्या हातात मुरलेलं होतं. त्यानं तेच केलं. उजवा हात चक्रीवर घातला.

आवाज फार मोठा झाला नाही. वाळकी काडी मोडावी तेवढा. काठी खडकावरून घसरली ती मी पकडली. दोरी तुटली होती. भाई हात पोटाशी धरून बसला होता. म्हणाला, "काई नाई. लागलं जरा."

पहिलं बोट होतं, अंगठ्याशेजारचं, मधल्या सांध्यात मोडलेलं. सोनाळ्यात एक हाडं बसवणारा होता, त्यानं बांबूच्या कामट्या लावून बांधलं. जुळलं, पण वाकडं जुळलं आणि सांधा ताठ राहिला. रफूगराचं काम त्या बोटाच्या पेरावर चालतं. धागा डोळ्याला दिसत नाही, पेराला लागतो. भाईनं डाव्या हातानं करून पाहिलं, उजव्याच्या मधल्या बोटानं करून पाहिलं. एका वकिलाचा डगला घेतला आणि भोक आणखी मोठं करून परत दिला. मग त्यानं पाटी उतरवली. जिनिंगच्या मोसमात बारदान शिवायचं काम मिळे, एरवी गोधड्या. त्याला मोठी सुई लागते, ती मुठीत धरता येते.

कुणी विचारलं तर तो सांगायचा, "बाबूनं तर मले चांगली चीज देल्ली होती. मलेच चालवता आली नाई. पतंग समजलो मी तिले." आणि हसायचा. मी समोर असलो तरी हेच सांगायचा. मी खाली बघायचो, ते लोकांना विनय वाटायचं.

एक गोष्ट आणखी सांगायला हवी. पुढच्या हिवाळ्यात मी काळी चक्री घेऊन एकटा त्या डोहावर गेलो. मोठा मासा लागला. दोरी कुरकुरत सुटत गेली, आणि दांडी माझ्या हातात अगदी शांत उभी होती, साहेब म्हणाला होता तशी. मासा दमला आणि वर आला. अर्धा मी भाईच्या घरी पाठवला. भाभीनं तो शिजवून वाडगाभर कालवण आमच्याकडे परत पाठवलं. त्यानंतर मी मासे धरायला गेलो नाही, पण चक्री टाकली नाही. दर दिवाळीला तेल देतो.

आता हे लिहायला बसलो त्याचं कारण. मागच्या महिन्यात भाई डोणगावला लेकीकडे कायमचा राहायला गेला. भाभी वारल्यापासून त्याचं इथं मन लागत नव्हतं. जायच्या आदल्या दिवशी बारदानाच्या तुकड्यात काहीतरी गुंडाळून घेऊन आला. चांदीची चक्री होती. चिंच लावून घासलेली.

"ठेव. तुहीच हाये."

"अरे, तुला दिली ती."

"तेच म्हनतो ना मी. देल्ली तूच."

चहा झाला. म्हणाला, "तुहा तवा कुठं हाये? पाहू दे एकदा." मला काळी आणून द्यावी लागली. बराच वेळ ती त्याच्या मांडीवर होती. मग त्यानं डाव्या हातानं दांडी धरली, उजव्या मुठीत दोरी घेतली आणि ओढली. का ओढली, माहीत नाही. दोरी आली. दांडी हलली नाही. त्यानं पुन्हा ओढली.

"हे फिरत नाई."

"नाही."

"मंग हाताले लागत नसन."

मी म्हणालो, "समुद्राची आहे ती, भाई."

"हाव का?" तो म्हणाला. चक्री टेबलावर ठेवली, टोपी सारखी केली, आणि सकाळची गाडी कुठून सुटते ते विचारलं. मी सांगितलं. त्याला समजलं की नाही हे मला माहीत नाही. त्याच्या तोंडावरून मला काही कळलं नाही, आणि विचारायची माझी छाती झाली नाही. तो काही विचारत होता का, तेही सांगता येत नाही.

आता दोन्ही चक्र्या माझ्याच घरी आहेत. डोणगाव फार लांब नाही. तिथं जाऊन काळी चक्री त्याच्या हातात ठेवायची, आणि "तुझी तुला देण्याआधी मी दोन्हींची दोरी ओढून पाहिली होती," हे त्याच्या लेकीसमोर त्याला सांगायचं, एवढं मी त्याचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.