अकरावा जंक्शन बॉक्स

माझे कॅझिमिर मामा मिलवॉकीच्या दक्षिण भागात चाळीस वर्षं इलेक्ट्रिशियन होते. तारांचे जोड ज्यात असतात तो जंक्शन बॉक्स कधी झाकायचा नाही, त्या जोडांशी माणसाचा हात पोचलाच पाहिजे, हा त्यांचा धर्म. म्हणून त्यांच्या स्वतःच्या तळघराला छतच नव्हतं. उघड्या तुळया, तारा आणि प्रत्येक तारेवर मामांच्या अक्षरातली पट्टी.

नाताळच्या आदल्या संध्याकाळचं जेवण मात्र तळघरातच व्हायचं. लांब टेबल दुसरीकडे मावत नसे. लुसिल मामी पांढरी चादर अंथरायच्या आणि वरून धूळ मशरूमच्या सुपात पडायची.

गेल्या जूनमध्ये डॉक्टरांनी मामींना फार तर नाताळपर्यंतची मुदत दिली. घरी येऊन त्या म्हणाल्या, "कॅझ, यंदा मला छत हवं. पांढरं, गुळगुळीत."

"चौकटीत बसणाऱ्या टाइल्स लावतो. हव्या तेव्हा उचलता येतात."

"दाताच्या दवाखान्यात असतात तसल्या? आ करून पडल्या पडल्या पुष्कळ मोजल्यात मी. त्यांच्याखाली जेवायचं नाही मला."

"आणि छताला प्लास्टरचे बोर्ड ठोकल्यावर आत तार जळली तर?"

"अंधारात जेवू. निदान तुझ्या तारा दिसणार नाहीत."

मामा कबूल झाले, पण आधी अकराही बॉक्स घर गरम ठेवणाऱ्या भट्टीच्या खोलीतल्या उघड्या भिंतीवर न्यायचे म्हणाले. मी सुचवलं, "प्रत्येकाखाली छोटं झाकण ठेवू. दोन आठवड्यांत उरकेल."

"अकरा झाकणं म्हणजे गुळगुळीत होय रे?" मामा म्हणाले.

ते एकटेच, नव्या तारा ओढत काम करत राहिले. मामी जिन्यावर बसून विचारायच्या, "आज किती?"

"सहा झाले."

"सावकाश कर. मला कुठे जायचंय?"

सप्टेंबरात त्यांना जिना उतरवेना. मग मामा खालूनच आकडा ओरडून सांगायचे. ऑक्टोबरात दहा झाले. अकराव्यातून मामींच्या उशाच्या दिव्याची तार जात होती. तो हलवायचा तर दिवा दोन दिवस बंद ठेवावा लागणार, म्हणून मामांनी तो शेवटी ठेवला होता. त्याच आठवड्यात मामी गेल्या.

डिसेंबरात मामांनी मला छताचे बोर्ड धरायला बोलावलं.

"मामा, एक बॉक्स राहिलाय."

"ठोक."

"दोनच दिवसांचं काम आहे. मी हलवतो."

"त्या तारेचा स्विच मी कायमचा पाडलाय. ठोक तू."

"निदान बोर्डावर खूण करू?"

"कोण उघडणार आहे?"

मी स्क्रू पिळले. छत मामींना हवं होतं तसंच झालं.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी टेबलावर दोनच ताटं होती. आम्हा पोलिश घरांत त्या रात्री अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी एक ताट जास्तीचं मांडतात. मामींनी ते कधी चुकवलं नव्हतं. मी कपाटाकडे वळलो.

"राहू दे," मामा म्हणाले. "खरंच कोणी आलं तर त्याला तिच्या खुर्चीवर बसवावं लागेल."

त्यांनी पापडासारखी पातळ पवित्र भाकरी मोडून अर्धी मला दिली. सूप संपेपर्यंत त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही.