हातगुण

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलाला नाही, एवढंच काय, देवापुढे हात जोडले की तिथेही मी हे सोडून बाकी सगळं बोलते. तुम्हाला का सांगते आहे, ते मला ठाऊक नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

गोष्ट माझ्या सासूच्या पोटाची आहे – आत्याबाईंच्या. आणि माझ्या मोठ्या जावेच्या हातांची. वच्छलाबाई तिचं नाव. मी तिला नुसतं 'बाई' म्हणायची.

मी लाखनीची, मॅट्रिक पास. लाखांदूरच्या अलीकडच्या आमच्या खेड्यात तेव्हा मॅट्रिक झालेली सून म्हणजे केवढं अप्रूप! पोस्टमन आला की मला हाक, बी-बियाण्याच्या पिशवीवरचं वाचायला मला हाक. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, फार आवडायचं. चुलीपुढे मात्र माझी दांडी गुल. माझी तांदळाची भाकर तव्यावर पडायच्या आधीच हातात फुटायची. बाई हसायची आणि पीठ स्वतःकडे ओढून घ्यायची. ती कारध्याकडची, वैनगंगेच्या काठची. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं, मूलबाळही नव्हतं. त्या घरात तिचं म्हणून जे काही होतं, ते चुलीपाशी होतं.

आत्याबाईंना पोटात फोड झाला होता. कित्येक वर्षं कळा सोसल्या, शेवटी नागपूरला नेलं आणि डॉक्टरांनी अर्धंअधिक पोट कापून काढलं. सोबत मी होते, कारण शिकलेली मीच. सुट्टी देताना डॉक्टर उभ्या उभ्याच बोलले. ते दक्षिणेकडचे होते, इंग्रजीत मोडकं हिंदी मिसळून भराभर बोलायचे. थोडं थोडं द्या, दिवसातून पुष्कळदा द्या, एवढं कळलं. मधलं बरंचसं डोक्यावरून गेलं, 'दूध', 'पतला' असे सुटे शब्द तेवढे कानावर पडले. मग एक बोट उगारून ते म्हणाले, "शुगर नहीं. बिल्कुल नहीं. समझा?"

लाखनीला आमच्या शेजारच्या दुकानदाराला शुगर होती. त्याचा पाय कापावा लागला होता. माझ्या लेखी शुगर म्हणजे तो आजार. मला वाटलं, वा! आत्याबाईंना शुगर नाही, बिल्कुल नाही. मी मान डोलावली, "यस डॉक्टर" म्हटलं.

पण – आठवताना इथेच मी थांबते नेहमी – आनंदाची बातमी कुणी बोट उगारून देतं का? ते मला खटकलं होतं. क्षणभरच, पण खटकलं होतं. परत विचारलं असतं तर काय झालं असतं? फार तर डॉक्टरांना कळलं असतं की हिला समजलं नाही. तेवढंही मला नको होतं.

घरी आल्यावर मी ऐटीत सांगितलं – शुगर नाही, गोडधोड खुशाल चालतं, पातळ द्या, अंगात ताकद आली पाहिजे. बाई कामाला लागली. जुन्या तांदळाची पेज, त्यात दूध, त्यात गूळ. जीव ओतून करायची. आणि आत्याबाईंनी वाटीभर पेज प्यायली की थोड्या वेळात त्यांना दरदरून घाम फुटायचा, छाती धडधडायची, पोटात मुरडा यायचा. मग भिंतीकडे तोंड करून त्या पडून राहायच्या. अंगावर मास म्हणून राहिलं नाही.

एकदा त्यांनी कोरड्या भाकरीचा तुकडा झिंग्यांच्या चटणीशी चोरून खाल्ला. काही झालं नाही त्यांना. मला म्हणाल्या, "सुमन, भाकर मले पचते वं. हे गोड पेज पेली का जीव घाबरा होते."

त्यांना कळलं होतं, बघा. त्यांच्या पोटाला कळलं होतं. आणि मी काय केलं? डॉक्टरांचं नाव घेऊन त्यांना दटावलं. वाटी पुन्हा त्यांच्या तोंडाला लावली. म्हातारं माणूस, हट्ट करतं, असं मी घरात सगळ्यांना सांगितलं.

औषध बरोबर, पथ्य बरोबर, मग चुकतं कुठे? घराला उत्तर हवं होतं. ते शेजारच्या बायकांनी आणून दिलं – हातगुण. मोठीच्या हातालाच गुण नाही, तिची कूसही म्हणूनच भरली नाही. असलं काही एकदा तोंडातून निघालं की त्याला कोण आवरणार? तपासणीसाठी नागपूरला निघालो त्या सकाळी आत्याबाई अंगणात सगळ्यांसमोर म्हणाल्या, "परत आली का मी सुमनच्याच हातचं खाईन. मोठीच्या हातचं मले पचत नाही."

बाई तुळशीपाशी उभी होती, हातात पिठाचं भांडं होतं.

नागपूरला परिचारिका आत्याबाईंना वजन करायला पलीकडच्या खोलीत घेऊन गेली आणि डॉक्टरांनी मला विचारलं, खायला काय देता? मी सांगितलं. ते संतापले. "मीठा बंद बोला था ना! दूध बंद, पतला बंद!" मग माझा चेहरा पाहून जरा सावकाश सांगू लागले. पोट आता लहान आहे. गोड आणि पातळ घेतलं की ते तिथे थांबत नाही, सरळ खाली उतरतं, म्हणून घाम, म्हणून धडधड. कोरडं द्या, घट्ट द्या, चावून चावून खाऊ दे. भाकर चालेल, घट्ट वरण-भात चालेल, अंडं, मासा चालेल. पाणी जेवताना नको, नंतर.

म्हणजे आत्याबाई म्हणत होत्या तेच.

परतीच्या एसटीत त्या माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपल्या होत्या. अगदी हलक्या झाल्या होत्या. मी ठरवत होते – घरी गेल्या गेल्या सांगायचं, चूक माझी होती, बाईची नव्हती. लाखनी गेलं, माझं माहेरचं गाव, तोवर मी ठाम होते. मग घर जवळ आलं. दारात सगळे उभे होते. आणि मी म्हणाले, "डॉक्टरांनी पथ्य बदललं."

किती सोपं होतं ते!

आता सांगते ते सगळ्यात वाईट आहे. आत्याबाई बऱ्या झाल्या – माझ्या हातानं. गाव तेच म्हणालं. आणि भाकर तर मला येतच नव्हती! बाईच तळहाताएवढी मऊ भाकर थापायची, तळ्यातल्या मासोळीचे काटे बोटांनी चाचपून काढायची, वरण आटवून घट्ट करायची आणि ताटली माझ्या हातात द्यायची. आत्याबाईंना दिसू नये म्हणून स्वतः दाराआड थांबायची. मी बाहेर आले की हळूच विचारायची, "पचलं का वं?" मी म्हणायची, "पचलं." तिचा चेहरा असा उजळायचा की मला खाली बघावं लागायचं. एकदा मी तिला म्हटलं, बाई, करता तर तुम्हीच, मग हात कोणाचा? ती म्हणाली, "मी करतो, पन तू नेतेस ना. म्हनून पचते." ती चेष्टा करत नव्हती. तिचा विश्वास बसला होता. माझं तोंड उघडलं होतं तेव्हा. मग मी ते मिटलं.

आत्याबाई त्यानंतर पुष्कळ वर्षं जगल्या. मरेपर्यंत माझं कौतुक करत होत्या. माझा त्यांच्यावर जीव होता, आणि बाईवर तर त्याहून जास्त – हे सांगताना लाज वाटते, पण खरं आहे. जीव असताना माणूस असं वागतं का? मी वागले. आता दोघीही नाहीत.

दोघी असतानाच माझा मुलगा झाला, त्या साली त्याचं उष्टावण केलं. खीर बाईनंच शिजवली होती. मी म्हटलं, पहिला घास मोठी आईच देईल. मनात होतं की निदान एवढं तरी तिला मिळावं. बाळ पाटावर तिच्याकडे झेपावत होतं, तिचाच जास्त लळा होता त्याला. मी वाटी तिच्यापुढे धरली. तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले. "नोको वं सुमन," ती म्हणाली, "लेकराले माह्या हातचं नोको देऊ. पचनार नाही."

तेव्हा तरी सांगायचं. घरातली सगळी माणसं समोर होती, आत्याबाई होत्या, बाळ होतं. बाई माझ्याकडे बघत होती, हसत होती.

मी वाटी मागे घेतली आणि घास माझ्या हातानं दिला. त्यानं तो गिळला. बाई दाराशी जाऊन उभी राहिली होती, तिथूनच तिनं विचारलं, "पचलं का वं?"

मी म्हणाले, पचलं.