मधल्या खडकावर विजयमाला

कन्हेरीच्या जोतीरामतात्यांचा उभा जन्म उसाला पाण्याची दारे धरण्यात गेला. कालव्याला पाणी सुटे ते आधी सांगून, शेतात येई ते पाळीने. न सांगता आलेले पाणी त्या माणसाने कधी पाहिलेच नव्हते. म्हणूनच दिवाळीनंतर भजनी मंडळाबरोबर सह्याद्रीतल्या अभयारण्यात गेल्यावर, धबधब्याखालच्या नदीत पाय घालून ते बायकोला बेधडक म्हणाले, "जा की. घोट्याएवढं हाय. हितं वर कालव्यागत दार उचलायला कोण बसलंय?"

विजयमालाबाईंना नदीची ओटी भरायची होती. परक्या मुलखातल्या गंगेची ओटी भरल्यावाचून माघारी फिरू नये, ही त्यांच्या इंदापूरकडच्या माहेरची रीत. वाहत्या धारेसाठी त्या मधल्या खडकावर गेल्या, खण-नारळ सोडला, हात जोडले.

तेवढ्यात डोंगरमाथ्यावर कोसळलेला अवकाळी पाऊस खाली उतरला. पाणी तांबूस झाले, घोट्याचे मांडीला आले, मांडीचे कमरेला. तात्या धावले. वाटाड्या बिरदेवने त्यांना कवेत धरून मागे ओढले.

"सोड मला."

"दोर हाय, तात्या, पर ह्या ओढीत माणूस टिकायचा न्हाय. पानी उतरू द्या. बसा खाली. मावशी तुमच्याकडंच बघत्यात. तुमी उठला की त्या पाय टाकतील."

तात्यांनी पाहिले. खरेच, तिचा एक पाय खडकाच्या कडेला आला होता.

ते बसले. पांडुरंगा, ज्या तोंडाने तिला जा म्हटले, त्या तोंडाने आता ये म्हणण्याचीही चोरी! पाणी खडकावर चढले, तिच्या लुगड्याचा काठ भिजला. ती ओठ हलवीत होती. धबधब्याच्या गर्जनेत शब्द बुडत होते. तात्यांचे डोळे वाहत होते, पण त्यांनी ते पुसले नाहीत. वर गेलेला हात तिला बोलावल्यासारखा दिसला असता. अंगातला प्राण तिकडे, देह इकडे, आणि मुखी नाम घ्यायलाही श्वास पुरेना.

उन्हे कलली तेव्हा पाणी उतरू लागले. बिरदेवने दोर बांधून तिला काठावर आणले. ती थंडीने कापत होती. तात्यांसमोर येऊन ती हळूच म्हणाली,

"मी किती हाका मारल्या. तुमी जागचं उठला बी न्हाय व्हय?"

बिरदेव सांगायला पुढे झाला. तात्यांनी मान हलवून त्याला गप्प केले, खांद्यावरचे उपरणे काढले आणि खाली बघत तिचे पाय पुसू लागले.