मामांची भाकरी बंद

घरात एक जण डाएटवर गेला की त्याचं वजन उतरो न उतरो, किस्से मात्र सगळ्यांच्या अंगी लागतात. लग्न होऊन लातूरला आले त्याला अजून वर्ष नाही झालं, पण माहेरी नांदेडला फोन लावला की आई मी कशी आहे हे विचारायच्या आधी विचारते, "मामा काय खायलेत आता?"

मामा म्हणजे माझे सासरे. आडत दुकान, तूर-हरभरा-सोयाबीनचा व्यापार, आणि देह दुकानाला शोभेल असा. गुडघे दोन वर्षांपासून कुरकुरत होते. येळवसला, म्हणजे वेळ अमावस्येला, घरच्या कर्त्यानं आंबिलीचं मडकं घेऊन शेताला फेरी मारायची, आंबील शिंपडायची, अशी आमच्याकडं रीत. माझ्या लग्नाआधीच्या येळवसला मामांना खुर्चीत बसवून ठेवलं आणि फेरी मामांच्या धाकट्या भावानं, काकांनी, मारली. काका त्यावर वर्षभर काही बोलले नाहीत. नुसते हसायचे.

मामांनी ठरवलं, पुढची फेरी आपली. त्यासाठी वजन उतरवायचं.

*

मला बघायला आले तेव्हा आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, एकच प्रश्न विचारला होता. "भाकरी येती का?"

आईनं माझ्याआधी "हो" म्हणून टाकलं. मग लग्नापर्यंत मी रोज भाकरी थापली. बोटं भाजली, परात फुटायची राहिली. शेवटी भाकरी टम्म फुगायला लागली.

लग्न झालं, पाहुणे पांगले, आणि मामा दवाखान्यातून लो-कार्बचा कागद घेऊन आले. भाकरी बंद!

*

दवाखान्यात महेश, माझा नवरा, सोबत होता. त्यानं सांगितलेलं हे.

डॉक्टर म्हणाले, "भाकरी, भात, पोळी, बटाटा, साखर, सगळं बंद."

"मंग जेवायचं कशासंगं?"

"भाजीसोबत."

"आन् भाजी कशासंगं?"

डॉक्टरांनी थोडा विचार केला आणि दुसऱ्या पेशंटला आत बोलावलं.

*

आम्ही लिंगायत. घरात अंडंसुद्धा येत नाही. त्यामुळं मामांच्या ताटात पनीर, शेंगदाणे, दही, पालेभाजी आणि पुन्हा पनीर.

वजन करायचं ते दुकानातल्या काट्यावर, जिथं पोती चढतात. पहिल्या दिवशी मामा काट्यावर उभे राहिले. हमालानं आकडा वाचला. मामा शांतपणे म्हणाले, "बारदाना वजा कर."

बारदाना म्हणजे रिकामं पोतं. मालाच्या वजनातून ते वजा करायची बाजाराची पद्धत. मामांचा बारदाना म्हणजे धोतर, सदरा, मोबाईल, किल्ल्यांचा जुडगा आणि कमरेचा पट्टा.

दर आठवड्याला वजन व्हायचं. माल जितका उतरला, त्याहून जास्त बारदाना वाढला, असं महेशचं मत. तो ते दुकानात बोलत नाही.

*

तरी पहिल्या महिन्यात वजन खरंच झरझर उतरलं. मामा बाजारभर सांगत सुटले. शेजारच्या दोन आडत्यांनी भात सोडला. एकानं तर बायकोलाही सोडायला लावला, ती माहेरी उदगीरला जाऊन राहिली आणि तिथं भात खाऊन परत आली.

डॉक्टर मात्र खूश दिसेनात. "सुरुवातीला बरंचसं पाणीच जातं हो. चरबी नंतर हळूहळू."

मामा घरी आले ते पडल्या चेहऱ्यानं. आयुष्य सोयाबीनचा ओलावा मोजण्यात गेलेलं, त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"काय म्हणले डॉक्टर?" आत्यांनी विचारलं.

"माल कमी झाला न्हाई. नुसता वाळलाय."

*

श्रावण आला. सोमवार आला. उपासाला साबुदाणा, भगर, रताळं. डॉक्टरांच्या कागदावर तिन्हींवर काट.

मामा ओट्याजवळ येऊन उभे राहिले. "देवाला चालतंय ते डॉक्टरला चालत न्हाई. डॉक्टरला चालतंय ते भाजी-पनीर उपासाला चालत न्हाई. नुसत्या दह्या-शेंगदाण्यानं पोट भरंना. काय करावं?"

आत्या शेंगदाणे भाजत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मंग आज काईच खाऊ नका. दोघंबी खूश!"

*

दसऱ्यानंतर आम्ही सगळे माझ्या माहेरी गेलो. व्याही पहिल्यांदा जेवायला येणार, आईनं पुरणपोळ्यांचा बेत केलेला.

"विहीणबाई, पोळी न्हाई चालत मला," मामा म्हणाले. आईचा चेहरा उतरला. "नुसतं पुरण वाढा वाटीत."

एक वाटी झाली. दुसरी झाली. महेश हळूच म्हणाला, "बाबा, गूळ हाय त्यात."

"डाळ हाय रे! डाळ म्हंजे प्रोटीन. जन्म गेला डाळ विकण्यात, तू मला शिकवतो का?"

तिसऱ्या वाटीला आईनं मला आत बोलावलं. परातीत भिजवलेल्या कणकेचे गोळे ओळीनं बसले होते. "हे बग, पुरण संपलं. आता या कणकेचं काय करू?"

*

दिवाळीपर्यंत काटा अडला. मग उलटा सरकायला लागला, बारदाना वजा करूनसुद्धा. महेशनं मोबाईलवर दोन व्हिडिओ दाखवले. एकात लो-कार्ब म्हणजे अमृत, दुसऱ्यात विष. दोन्ही माणसं बारीक होती.

मामा पुन्हा दवाखान्यात. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "पहिले काही महिने हे छान चालतं. पण वर्षभरानं बघितलं तर हे करणाऱ्यात आणि साधं मोजकं खाणाऱ्यात फारसा फरक उरत नाही. माणसाला टिकत नाही ना! जे आयुष्यभर खाता येतं, तेच खरं डाएट."

"डॉक्टरसाब, आयुष्यभर मी भाकरीच खाल्ली की!"

शेवटी तोडगा निघाला. दर जेवणाला अर्धी भाकरी.

त्या दिवशी आत्या पहिल्यांदा माझ्या शेजारी चुलीशी बसल्या. "अर्धीच द्यायची बग त्यांना," म्हणाल्या. मग परातीकडं बघून, आवाज खाली आणून, "पर जरा मोठी थाप."

*

येळवस उजाडली. लातूर रिकामं, सगळं गाव शेतावर. आम्ही रेणापूरकडच्या शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, उभी केलेली, पूजा झालेली, मिसळ भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, भाकरी आणि मडकं भरून आंबील. ज्वारीचं पीठ ताकात आंबवून केलेली, वरून लसूण-आलं. मामांनी मे महिन्यापासून तिचा थेंब घेतला नव्हता.

काका उठले. "दादा, द्या मडकं. गुडघा रुसंल."

"तू बस खुर्चीत," मामा म्हणाले.

काठोकाठ भरलेलं मडकं एका हातात, शिंपडायला कडुलिंबाची डहाळी दुसऱ्या हातात. बांधावरून मामा निघाले. पाय जरा ओढत होते, पण काठी नव्हती. ज्वारी डोक्याच्या वर गेलेली, वळणावर ते दिसेनासे झाले. आत्यांनी हातातली भाकरी तव्यावर टाकली नाही. तशीच धरून बसल्या.

बराच वेळ गेला. महेश उठून बांधापर्यंत गेला, परत आला. मग पलीकडच्या बाजूनं पांढरी टोपी दिसली. मामा आपल्या पायांनी, चारी बांध फिरून, समोर येऊन उभे! काकासुद्धा हसायचे थांबले.

मडकं रिकामं होतं. मिशी पांढरी होती.

काका बांधावर वळणापुढं जाऊन वाकून बघून आले. "दादा, वळणापर्यंत ओलं हाय. पुढं सगळं कोरडं!"

मामा डहाळीकडं बघत राहिले.

आत्या उठल्या. पदरानं मामांची मिशी पुसली. मडकं घेतलं, आंबिलीनं पुन्हा काठोकाठ भरलं. काकांनी हात पुढं केला तर त्यांना नजरेनंच बसवलं, आणि मडकं मामांच्याच हातात दिलं.

"जावा. शेताचं राहिलं की."

मामा निघाले.