वाळ्याआडचा घोटा

अंबरनाथला शिवमंदिराच्या रस्त्यावर मी दवाखाना थाटला तेव्हा माझं वय सव्वीस होतं आणि आपलं निदान चुकत नाही याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. मोडलेल्या हाडांत तर मला विशेष गती होती. कारखान्यातले लोक चेचलेली बोटं, निखळलेली मनगटं घेऊन यायचे, मी त्यांना झटपट मोकळं करायचो आणि ते चारचौघांत माझं कौतुक करायचे. त्यामुळे मी आणखीच शेफारलो होतो.

पौषातल्या एका सकाळी बारवीकडच्या डोंगरपाड्यावरून एक सासू आपल्या सुनेला घेऊन आली. सून असेल वीस-बावीस वर्षांची. लाकडाची मोळी डोक्यावर घेऊन उतार उतरताना उजवा पाय दोन दगडांत अडकला आणि अंग तेवढं पलीकडे फिरलं. पाड्यावरच्या माणसांनी तिला झोळीतून बदलापूरला आणलं होतं आणि तिथून गाडीने माझ्याकडे. घोटा टम्म सुजला होता आणि त्या सुजेत चांदीचा जाड वाळा रुतून बसला होता.

पायाची बोटं गरम होती, रंग ठीक होता, त्यामुळे वाळ्याची मला घाई वाटली नाही. बाहेरच्या बाजूने दाबलं तशी ती कळवळली. एवढ्यावर माझं समाधान झालं. वाळ्याखाली काय आहे ते बघायचे कष्ट मी घेतले नाहीत. तिला टांग्याने फोटो काढायला उल्हासनगरला पाठवून दिलं. कॅम्प दोनमध्ये एका सिंधी गृहस्थांनी जुन्या लष्करी बराकीत एक्स-रेचं यंत्र बसवलं होतं आणि आम्ही आसपासचे डॉक्टर त्यांच्यावरच अवलंबून होतो.

दुपारी फोटो घेऊन दोघी परत आल्या. मी तो खिडकीशी धरला. बाहेरचं बारीक हाड सांध्याच्या चार बोटं वर मोडलेलं, पण बरंचसं जागेवर. त्याखाली वाळ्याची पांढरीफटक सावली नेमकी सांध्यावर आडवी आली होती. यंत्रवाल्यांनी सोबत हिंदीत चिठ्ठी दिली होती: ‘बाई का जेवर है, मैंने हाथ नहीं लगाया.’ त्यांचा हा सभ्यपणा मला तेव्हा आवडलासुद्धा.

“बाहेरचं एकच हाड मोडलंय,” मी सांगून टाकलं. “सूज उतरली की साबण लावून वाळा काढू आणि प्लॅस्टर घालू. दीड महिन्यात मोळ्या आणायला मोकळी.”

सासू जमिनीवर बसली होती. सुनेचे दोन्ही पाय तिच्या मांडीवर होते. रोज आंघोळ झाली की वाळा एकदा गोल फिरवून खालची कातडी पुसायची, ही त्यांच्याकडची रीत. म्हातारीने डाव्या पायातला वाळा बोटाने फिरवला, मग उजव्याला बोट लावलं.

“ह्यो फिरतो. ह्यो नाय फिरत,” ती म्हणाली. “भायेरच्या अंगाला बोट जातंय. आतल्या अंगाला नाय जात. मोडलाय भायेर, आन सुजलाय आत. असा कसा व, डाक्टर?”

मी फोटो पुन्हा खिडकीशी धरला. बाहेरचं हाड मोडलं तर आतली बाजू एवढी का सुजावी? आतलं हाड तर शाबूत दिसत होतं. मग मोडलं नाही ते तुटलं असणार. घोट्याच्या आतल्या अंगाला हाडाला हाड बांधून ठेवणारी एक चिवट पट्टी असते, लिगामेंट. फोटोत ती कधीच दिसत नाही. ती तुटली की हाडांमधली फट रुंदावते, एवढीच तिची खूण, आणि त्या फटीवरच वाळ्याची सावली पडली होती. हे ध्यानात न घेता मी प्लॅस्टर घातलं असतं तर सांधा कलता बसला असता आणि ही पोर ओझं घेऊन पुन्हा कधी डोंगर उतरली नसती. तिचं पोट त्या उतारावर होतं.

“वाळा आजच कापायचा,” मी म्हणालो.

सून पाय ओढून घेऊ लागली. “माज्या बापानं घातलाय. तो आता नाय.”

“चांदी हवी की पाय?” मी खेकसलो. बोलून गेलो आणि मला स्वतःचीच लाज वाटली.

म्हातारीनेच तोडगा काढला. “कापा. पन सोनारानं जोडून द्यावा, घेर तेवडाच. पाय होता तसा झाला, तर वाळा बसल आन फिरल. नाय फिरला, तर डाक्टर चुकला.”

मी कबूल झालो. देवळाजवळच्या सोनाराला बोलावलं. त्याने वाळ्याच्या आत चामड्याची पट्टी सरकवली, टोकं जिथे जोडलेली होती ती जागा शोधली आणि बारीक करवतीने तिथेच कापलं. वाळा निघाला तशी खाली जांभळीकाळी कातडी दिसली. मी आतल्या घोट्याखाली हलकेच बोट ठेवलं. बाहेर दाबल्यावर ती कळवळली होती, इथे तिने ओठ चावून माझं मनगटच धरलं.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः टांग्यात बसून कॅम्पात गेलो. तिला भुलीचं औषध हुंगवलं आणि पाय माझ्या हातांनी बाहेर वळवून धरून फोटो काढवला. घोट्याचं हाड आणि त्याखालचं हाड यांच्यामध्ये सुतळी जाईल एवढी काळी फट उघडली होती. ती भुलीत होती तोवरच मी टाच आत रेटून फट मिटवली, गुडघ्याच्या वरपर्यंत प्लॅस्टर घातलं आणि पुन्हा फोटो घेतला. फट नाहीशी झाली होती. काम चोख झालं होतं हे मला तिथेच कळलं, आणि ते मी यंत्रवाल्यांना दोनदा सांगितलंही.

फाल्गुनात मी प्लॅस्टर कापलं आणि वैशाखात दोघी परत आल्या. सून चालत आली होती, डोक्यावर मोळी घेऊन, आणि ती मोळी माझ्याच पायरीवर उतरवून ठेवली. मी नवा फोटो उजेडात धरला. हाड जुळलं होतं, सांधा सरळ होता. सांगायला माझी जीभ वळवळत होती.

पण म्हातारी खाली बसली होती. तिने कनवटीचा वाळा सोडला. सोनाराने पायात चढवून तो कडीने मिटवता येईल असा करून दिला होता, घेर तेवढाच. तिने तो सुनेच्या घोट्यावर मिटवला आणि बोट लावलं. मी फोटो खाली ठेवला. वाळा बाहेरून निघाला, टाचेच्या मागून गेला, आतल्या घोट्याशी आला आणि तिथे जरा थांबला. म्हातारीने बोट हलकेच पुढे नेलं आणि वाळा पुढे सरकला.

“फिरतोय,” ती सुनेला म्हणाली. माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही.