खळ्यातलं कुंकू

सर्वेक्षणवाल्या मुली वाडीत आल्या तेव्हा मी घरापुढच्या खळ्यात सुंभ वळत बसलो होतो. "घरात कोणी आजारी?" त्यातल्या थोरलीनं विचारलं.

"आमच्याकडे कोण आजारी पडणा नाय," मी म्हणालो. आत नातू जुलाबांनी निपचित पडला होता. पण सगळ्या वाडीनं हेच सांगितलं. रोगट पाण्याच्या वाडीत मुलगी कोण देणार?

थोरली हुशार. तिनं बायकांना माझ्याच खळ्यात गोळा केलं नि रांगोळीनं वाडी काढायला लावली. घरं, पाणंद, आमची बाव, म्हणजे विहीर. "ज्या घरात जुलाब, कावीळ झाली, तिथे कुंकवाचं बोट लावा."

पहिलं बोट माझ्या सुनेनं लावलं. आमच्याच घरावर. मी डोळे वटारले, तिनं वर बघितलंच नाही. मग एकेक बोट पडत गेलं आणि बावीभोवती लाल कडं झालं. बावीच्या वरच्या अंगाला एकच गोष्ट होती, माझ्या चुलतभावाच्या संडासाचा खड्डा.

तो कडेला उभाच होता. "माझो खड्डोच दिसलो काय गो तुमका?" म्हणत त्यानं चपलेनं सगळं पुसायला घेतलं. सुनेनं त्याचा पाय धरला. त्यानं तोच पाय तिच्या तोंडावर मारला. ओठ फुटून रक्त रांगोळीत पडलं.

काथ्या कुटायचं दांडकं माझ्या हाताशी होतं. पहिला तडाखा खांद्यावर, दुसरा तोंडावर. पुढचे दात खळ्यात पडले. त्याचा मुलगा कोयता घेऊन धावला, कोयता माझ्या दंडात बसला. हाड दिसलं म्हणतात. मी बघितलं नाही. दुसऱ्या हातानं पहार उचलली आणि जाऊन खड्ड्याची लादी फोडली.

"आज्यान खणलली बाव ही. तुझी घाण तिच्यात मी खपवन घेवचंय नाय."

चौकीत हवालदार हसला. "पाण्यासाठी मारामारी, या वयात?"

"पाण्यासाठी नाही साहेब. त्यानं कुंकवावर पाय दिला."

नातू वाचला. खड्डा बावीच्या खालच्या अंगाला, लांब गेला. भावाशी बोलणं नाही, पाणी मात्र तो त्याच बावीचं भरतो.

त्या मुली पुन्हा वाडी काढून घ्यायला आल्या तेव्हा खळं मी सारवून घेतलं, आणि दांडकं मांडीवर ठेवून बसलो. भाऊ आला. चपला त्यानं बेड्यापाशीच, फाटकाबाहेर काढल्या.